हरवत चाललेल्या भोपळ्याचे आणि कलिंगडाचे बी पुन्हा उभे करण्याची रीत

लाल भोपळ्याचा किंवा कलिंगडाचा जुना वाण बहुतेक वेळा घरातच संपतो. ज्या आजीने तो वर्षानुवर्षे परसात लावला, तिच्या पश्चात माळ्यावरच्या डब्यातील बियांची पुरचुंडी कोणी उघडत नाही, आणि उघडली तरी हे बी कशाचे व ते कधी पेरायचे हे सांगणारे कोणी उरलेले नसते. दुसरी हानी याहून लपून होते. बी दरवर्षी पेरले जाते, वेल वाढतो, फळेही लागतात. पण शेजारच्या शेतातील संकरित वेलाचा पराग मधमाश्या आणून टाकतात आणि तीन-चार हंगामांत नाव तेच राहून वाण दुसराच झालेला असतो. या दोन्ही हानींपासून बी कसे सोडवावे, हे येथे सविस्तर सांगितले आहे. लाल भोपळा आणि कलिंगड ही दोन पिके मुख्य धरली असली, तरी दुधी, कोहळा, काकडी यांनाही यातील बराचसा भाग लागू पडतो.

कामाला लागण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. पहिल्या हंगामात पीक घ्यायचे ते बियांसाठी. उत्पन्न, फळाचा आकार, बाजारभाव यांचा विचार त्या वर्षी पूर्णपणे बाजूला ठेवावा. मूठभर बियांपासून सुरुवात करणाऱ्याने चार-पाच शुद्ध फळे हाती आणली, तर तो वाण वाचला असे समजावे.

बी कुठे शोधावे आणि काय विचारावे

कोकणात पावसाळा संपल्यावर घराच्या आढ्याला टांगून ठेवलेले भोपळे, सह्याद्रीतील आदिवासी पाड्यांवरच्या परसबागा, खानदेश-विदर्भातील जुन्या शेतकऱ्यांची घरे आणि नदीच्या वाळूत टरबूज-खरबुजाच्या वाड्या करणारी कुटुंबे, ही शोधाची खरी ठिकाणे आहेत. आठवडे बाजारही उपयोगी पडतो. भोपळ्याच्या फोडी विकणारी बाई आतला गाभा बियांसकट बाजूला टाकत असते. तो मागितला तर ती सहसा नाही म्हणत नाही. मात्र भोपळा तिच्याच शेतातला आहे की घाऊक बाजारातून आला आहे, हे आधी विचारून घ्यावे. घाऊक बाजारातले फळ संकरित असण्याचा संभव मोठा असतो आणि तशा फळाच्या बियांपासून आईसारखी फळे मिळत नाहीत.

बी घेताना नाव जसे सांगितले तसेच लिहून घ्यावे. एकाच फळाला कुठे डांगर, कुठे काशीफळ, कुठे गंगाफळ म्हणतात, आणि कलिंगडाला निम्म्या महाराष्ट्रात टरबूज हेच नाव आहे. ते आपल्या सोयीने बदलले, तर पुढे त्या वाणाचा माग काढता येत नाही. पेरणी कोणत्या नक्षत्रात करतात, वेल मांडवावर चढवतात की जमिनीवर सोडतात, फळ किती महिने टिकते, घारग्यांना गोड लागते की भाजीलाच बरे, साल जाड की पातळ, गर पिवळा की केशरी, हे सर्व विचारावे. सर्वांत मोलाचा प्रश्न म्हणजे हे बी आपल्याकडे कोठून आले. ‘माझ्या माहेरचे आहे’ असे उत्तर पुष्कळदा मिळते, आणि त्या माहेरच्या गावात त्याच वाणाचे बी अजून कोणाकडे तरी असण्याची शक्यता असते.

एका भोपळ्यात काही शे बिया असतात, त्यामुळे एकच फळ पुरेसे आहे असे वाटते. पण त्या सर्व बिया एकाच आईच्या असतात. शक्य असेल तेथे तीन-चार निरनिराळ्या वेलांच्या फळांतून थोड्या-थोड्या बिया घ्याव्यात आणि देणाऱ्याकडे त्याच्या पुढच्या पेरणीपुरते बी नक्की शिल्लक राहील, याची काळजी घ्यावी.

चिकाटीने शोध घेतल्यास काय हाती लागते, याचे अमेरिकेतील एक उदाहरण प्रसिद्ध आहे. गडद हिरव्या सालीवर एक-दोन मोठे आणि असंख्य बारीक पिवळे ठिपके असलेले ‘मून अँड स्टार्स’ हे कलिंगड १९२६ साली तेथील एका बियाणे कंपनीने बाजारात आणले आणि पुढे ते बाजारातून नाहीसे झाले. १९७५ साली स्थापन झालेल्या ‘सीड सेव्हर्स एक्स्चेंज’ या संस्थेचे सहसंस्थापक केंट व्हीली यांनी त्याचा शोध चालू ठेवला होता. शेवटी १९८० च्या सुमारास मिसुरी राज्यातील मेकन गावाजवळ एक शेतकरी ते अजून लावत असल्याचे आढळले आणि त्याच्याकडच्या बियांतून हा वाण पुन्हा सर्वत्र पसरला. या कलिंगडाच्या पानांवरही पिवळे ठिपके असतात, त्यामुळे बी भेसळीचे असेल तर ते फळ येण्याआधीच ओळखता येते. आपल्या वाणातही पानावरचे पांढरे डाग, कोवळ्या फळाचा रंग, देठाची ठेवण अशी लवकर दिसणारी खूण शोधून ती नोंदवून ठेवावी.

कोणाचा संकर कोणाशी होतो

याविषयी गैरसमज फार आहेत. कलिंगडाचा काकडीशी, खरबुजाशी किंवा भोपळ्याशी संकर होत नाही. लाल भोपळ्याचा दुधीशी किंवा कोहळ्याशी होत नाही. भीती असते ती त्याच जातीच्या दुसऱ्या वाणाची. कलिंगडाला दुसरे कलिंगड बाटवते, भोपळ्याला दुसरा भोपळा.

भोपळ्यात मात्र तीन जाती वेगळ्या ओळखाव्या लागतात, आणि त्यासाठी फळाचा देठ पाहावा. देठ कठीण, पाच कंगोऱ्यांचा आणि फळाला टेकतो तेथे पसरट झालेला असेल, तर तो कुकुर्बिटा मोशाटा. आपल्याकडचे बहुतेक गावठी लाल भोपळे याच जातीचे आहेत. देठ गोल, जाड आणि बुचासारखा मऊ असेल, तर तो कुकुर्बिटा मॅक्सिमा. देठ कठीण व कंगोरेदार, पण टोकाला न पसरलेला असेल, तर तो कुकुर्बिटा पेपो, म्हणजे झुकिनीची जात. शेजारी झुकिनी असेल तर गावठी मोशाटाला फारसा धोका नाही. शेजारी दुसरा मोशाटा असेल तर धोका पुरेपूर आहे.

मधमाश्या दूरवर जातात, म्हणून उघड्यावर शुद्ध बी घ्यायचे असेल तर त्याच जातीच्या दुसऱ्या वाणापासून अर्धा ते एक किलोमीटर अंतर हवे. लहान शेतांच्या आपल्या मुलखात एवढे अंतर क्वचितच मिळते. पेरणी पुढे-मागे करून फुलोऱ्याची वेळ चुकवणे हा एक उपाय आहे. पण वेल दोन-दोन महिने फुलत राहतात, त्यामुळे त्यावर पूर्ण विसंबता येत नाही. खात्रीचा उपाय म्हणजे हाताने परागीभवन करणे, ज्याचे वर्णन पुढे येते.

जुने बी रुजवणे

भोपळा आणि कलिंगड यांच्या बियांत तेल भरपूर असते. कोरड्या, थंड जागी ठेवलेले बी पाच-सहा वर्षे चांगले राहते; उन्हाळ्यात तापणाऱ्या आणि पावसाळ्यात ओल धरणाऱ्या माळ्यावर मात्र ते फार लवकर मरते. बी फोडून वास घ्यावा. खवट वास आला तर त्या साठ्याची आशा कमी धरावी, तरी तो टाकून देऊ नये. शंभरात दोन बिया जिवंत निघाल्या तरी काम होते.

आठशे वर्षांपूर्वीच्या मातीच्या भांड्यात सापडलेल्या बियांपासून भोपळा उगवल्याची एक बातमी जगभर फिरली होती आणि अनेकांनी ती खरी मानली. तो भोपळा, ‘गेटे-ओकोसोमिन’, खरोखर जुना आहे. पण त्याचे बी अमेरिकेतील मायामी या मूलनिवासी समाजातील बागकाम करणाऱ्या स्त्रियांनी पिढ्यान्पिढ्या पेरत जपले होते आणि त्यांच्याच हातून ते पुढे गेले. म्हणून सापडलेले बी ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणून ठेवून देऊ नये.

तरीही सगळे बी एकदम पेरू नये. बिया पंधरा-वीसच असतील तर त्यांचे तीन भाग करावेत आणि या हंगामात एकच भाग वापरावा. अवेळी पाऊस, उंदीर किंवा लाल भुंगे यांनी तो नेला तरी दोन संधी हाती राहतात. बी भरपूर असेल तेव्हाच दहा बियांची उगवणक्षमता आधी तपासावी.

फार कोरडे झालेले जुने बी एकदम पाण्यात टाकले, तर ते झपाट्याने पाणी शोषते आणि आतील पेशी फुटून मरतात. यासाठी झाकणाच्या डब्यात तळाशी थोडे पाणी घेऊन, त्याला न टेकेल अशा जाळीवर बिया एक दिवसभर ठेवाव्यात, म्हणजे त्या हवेतील ओलावा सावकाश घेतात. त्यानंतर नखे कापण्याच्या नेलकटरने बीच्या बाजूच्या कडेचा अगदी बारीक तुकडा काढावा. टोकदार बाजूला हात लावू नये, कारण मूळ तेथूनच बाहेर येते. मग सुती फडके भिजवून घट्ट पिळावे, त्यात बिया एकमेकींना न चिकटतील अशा मांडाव्यात आणि घडी करून डब्यात ठेवावी. फडक्यातून पाणी ठिबकत असेल तर ते जास्त ओले आहे. कलिंगडाचे बी तर जादा ओलीने हमखास कुजते. तापमान २८ ते ३२ अंश सेल्सिअस असावे. थंडीत हे काम करू नये, आणि करायचेच झाले तर डबा घरातील उबदार कोपऱ्यात ठेवावा. घडी रोज उघडून पाहावी, बुरशी धरलेली बी लगेच वेगळी काढावी आणि बाकीच्यांवर ट्रायकोडर्माची, म्हणजे रोगकारक बुरशीला रोखणाऱ्या उपयुक्त बुरशीची, हलकी भुकटी लावावी. नवे बी चार-पाच दिवसांत मोड काढते. जुन्याला तीन आठवडेही लागतात, म्हणून दहाव्या दिवशी निराश होऊन फडके झटकून टाकू नये.

मोड अर्धा सेंटिमीटर झाला की बी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चाळलेले कंपोस्ट भरलेल्या पेल्यात लावावी. या वर्गातील रोपांना मुळे दुखावलेली सोसत नाहीत, म्हणून पसरट ट्रेपेक्षा स्वतंत्र पेला बरा. जुन्या बीच्या रोपाला पुष्कळदा टरफल झटकून टाकण्याची ताकद नसते आणि बीजदले त्यातच अडकतात. अशा वेळी टरफलावर पाण्याचा थेंब सोडून ते मऊ करावे आणि बोटांच्या चिमटीत धरून अलगद सोडवावे.

कलिंगडाचे एखादेच अशक्त रोप हाती आले असेल, तर त्याचे दुधीच्या खुंटावर कलम करता येते. जपानमध्ये १९२० च्या दशकापासून कलिंगडाची कलमे याच वर्गातील जोमदार खुंटांवर करतात, मुख्यतः मर रोग टाळण्यासाठी. वाण वाचवण्याच्या कामातही ती तितकीच उपयोगी आहेत. दुधीच्या रोपाचा वाढता कोंब काढून तेथे बारीक तिरपे छिद्र पाडावे, कलिंगडाच्या रोपाचा शेंडा पाचरीसारखा तासून त्यात बसवावा आणि चार-पाच दिवस प्लॅस्टिकच्या झाकणाखाली दमट सावलीत ठेवावे. हात बसलेला नसेल तर आधी सामान्य रोपांवर सराव करावा.

वेल वाढवताना

रोपाला दोन-तीन खरी पाने आली की ते शेणखत मिसळलेल्या आळ्यात लावावे. उन्हाळी कलिंगड साधारण डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीत, आणि भोपळा पावसाच्या तोंडावर किंवा जानेवारी-फेब्रुवारीत लावतात. पण बी देणाऱ्याने जी वेळ सांगितली असेल तिला प्राधान्य द्यावे, कारण वाण त्याच हंगामाला सरावलेला असतो. एका वाणाच्या निदान सहा वेली असाव्यात आणि जमल्यास बाराच्या वर. भोपळावर्गीय पिके थोड्या वेलींवरही लवकर खचत नाहीत, हे आपले भाग्य आहे. मक्यासारख्या पिकात एवढ्या कमी झाडांवर वाण टिकवता आला नसता.

भोपळ्याच्या वेलीचे पेर जमिनीला टेकते तेथे मुळे फुटतात. दोन-तीन पेरांवर मातीची भर द्यावी, म्हणजे मुख्य मूळ खोडकिडीने किंवा कुजीने गेले तरी वेल जगते. नत्रयुक्त खत हात राखून द्यावे. ते जास्त झाले की पाने माजतात आणि मादी फुले उशिरा येतात. बीजदले कोवळी असताना लाल भुंगे एका सकाळीत रोप चाळून टाकतात, म्हणून पहिले दोन आठवडे रोपावर मच्छरदाणीच्या कापडाचा आडोसा करावा. राख भुरभुरणे हा जुना उपायही चालतो, मात्र प्रत्येक दवानंतर किंवा सरीनंतर तो पुन्हा करावा लागतो.

ज्या वेलीच्या पानांवर हिरव्या-पिवळ्या चट्ट्यांचा मोझॅक दिसेल आणि पाने आकसतील, ती वेल कितीही दुर्मीळ असली तरी तिला बाकीच्यांपासून दूर करावे. या वर्गातील काही विषाणू बियांतून पुढच्या पिढीत जातात, आणि आजारी बी वाटणे म्हणजे ज्याने विश्वासाने बी मागितले त्याच्या शेतात रोग नेऊन ठेवणे होय.

हाताने परागीभवन

सगळ्या खटाटोपाचा हा गाभा आहे आणि तो कोणालाही जमण्यासारखा आहे. भोपळ्याच्या एकाच वेलीवर नर आणि मादी फुले वेगळी येतात. नर फूल लांब, बारीक देठावर असते. मादी फुलाखाली चिमुकले फळ आधीच तयार असते. या चिमुकल्या फळाचा आकार नीट पाहावा. लांबट भोपळ्याचे कळीखालचे फळ लांबट असते आणि चपट्याचे चपटे, त्यामुळे भेसळीची वेल परागीभवनाच्या आधीच ओळखून तिची सर्व फुले खुडता येतात.

दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी आदल्या संध्याकाळी ओळखू येते. तिचे टोक हिरवटपणा सोडून पिवळे होते आणि पाकळ्यांची मिठी किंचित सैल पडते. अशा एका मादी कळीचे टोक सुती दोऱ्याने किंवा कागदी चिकटपट्टीने हलकेच बांधावे. दुसऱ्या वेलींवरच्या तीन-चार नर कळ्याही तशाच बांधाव्यात. उमललेली फुले या कामाला घेऊ नयेत, कारण त्यांवर माशी बसून गेलेली असू शकते.

सकाळी सूर्य वर येण्यापूर्वी शेतात जावे. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि ऊन चढले की मिटू लागते. उन्हाळ्यात सकाळी आठनंतर परागाचा जोर ओसरलेला असतो. बांधलेली नर फुले देठासह तोडावीत आणि त्यांच्या पाकळ्या सोलून काढाव्यात. मधला पिवळा, पावडर लागलेला दांडा उघडा पडतो. मग मादी फुलाचा दोरा सोडावा. ताज्या कळीच्या पाकळ्या हाताखाली आपोआप उलगडतात. आतील कुक्षीच्या, म्हणजे पराग झेलणाऱ्या मधल्या भागाच्या, प्रत्येक पाळीवर नर दांडा सर्व बाजूंनी फिरवून पराग भरपूर लावावा, एक नर संपला की दुसरा घ्यावा. एवढ्यात एखादी मधमाशी आत शिरली, तर ते फूल सोडून द्यावे आणि नवे घ्यावे. काम झाल्यावर मादी फुलाच्या पाकळ्या पुन्हा एकत्र आणून बांधाव्यात आणि फळाच्या देठाभोवती रंगीत लोकरीचा सैल फेरा घालून त्यावर तारखेची चिठ्ठी लावावी. देठ पुढे जाड होतो, म्हणून गाठ आवळू नये. ही खूण नसेल तर काढणीच्या वेळी शुद्ध फळ कोणते हे सांगता येत नाही, आणि मग सारी मेहनत वाया जाते.

नर फुले दुसऱ्या वेलींची घेतल्याने वाणातली विविधता टिकते. एकच वेल असेल, तर तिचेच नर फूल तिच्याच मादीला लावले तरी चालते.

कलिंगडाचे फूल लहान असते आणि काम अधिक नाजूक. कळ्या बांधण्याऐवजी त्यांवर आदल्या संध्याकाळी बटर पेपरची लहान पिशवी किंवा मलमलीचा तुकडा चढवावा. पुष्कळ गावठी कलिंगडांत फळ धरणाऱ्या फुलातच पुंकेसर, म्हणजे पराग देणारे नर भागही असतात. तसे आढळल्यास आणि दुसऱ्या वेलीचा पराग द्यायचा असल्यास ते आदल्या संध्याकाळी चिमट्याने काढून घ्यावेत. कलिंगडात हाताने केलेल्या परागीभवनाचे यश भोपळ्यापेक्षा बरेच कमी असते, आणि वेल स्वतःच काही फळे गाळते. म्हणून रोज सकाळी जितकी फुले मिळतील तितकी करावीत आणि वेलीवर उघड्यावर धरलेली फळे खुडून टाकावीत, म्हणजे तिची शक्ती खूण केलेल्या फळांकडे वळते. फळ धरले की नाही हे तीन-चार दिवसांत कळते. धरलेले लवदार फळ देठावरून खाली मान वाकवते आणि फुगू लागते. न धरलेले पिवळे पडून गळते.

प्रत्येक वेलीवर अशी एक-दोन फळेच ठेवावीत. फळमाशीपासून बचावासाठी कोवळ्या फळाला कागदी किंवा कापडी पिशवी घालावी आणि शेतात क्यू ल्यूरचे (फळमाशीच्या नरांना ओढणाऱ्या गंधाचे) सापळे लावावेत.

कोणते फळ बियांसाठी ठेवावे

गोव्याचे दिवंगत मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर आपल्या पर्रा गावातील कलिंगडांची हकिकत भाषणांतून सांगत असत. तेथील एक शेतकरी हंगामाच्या शेवटी मुलांना बोलावून सर्वांत मोठी, उत्तम कलिंगडे खायला देई. अट एवढीच की बी चावायचे नाही, भांड्यात थुंकायचे. ते बी पुढच्या वर्षीच्या पेरणीसाठी असे. मुलाच्या हाती कारभार आल्यावर त्याने मोठी फळे बाजारात पाठवली आणि मुलांना लहान फळे दिली, म्हणजे बीही लहान फळांचेच राहिले. काही वर्षांतच पर्ऱ्याच्या कलिंगडांचा तो लौकिक उरला नाही.

या हकिकतीतील धडा जसाच्या तसा पाळावा: उत्तम फळ विकू नये, ते बियांसाठी ठेवावे. मात्र उत्तम याचा अर्थ केवळ मोठे असा घेऊ नये. वाणाची ओळख टिकण्यात असेल तर सर्वांत जास्त टिकलेल्या भोपळ्याचे बी घ्यावे. चवीत असेल तर चव पाहूनच ठरवावे. आणि देणाऱ्याने जे वर्णन केले होते त्याच्याशी फळ ताडून पाहावे. बी मुळातच भेसळीचे निघाले आणि एकाच आळ्यातून चार प्रकारची फळे आली, तरी हताश होण्याचे कारण नाही. जुन्या वर्णनाशी जुळणाऱ्या वेलींवर त्यांचाच पराग वापरून पाच-सहा पिढ्या निवड करत गेल्यास वाण बराचसा स्थिर होतो, कारण स्वपरागीभवनाच्या प्रत्येक पिढीत मिश्रपणा निम्म्याने घटतो.

चव पाहताना एक सावधगिरी अत्यंत आवश्यक आहे. भोपळा, दुधी किंवा काकडी कडू लागली तर तो घास लगेच थुंकावा आणि त्या फळाचे बी नष्ट करावे. हा कडूपणा कुकुर्बिटासिन या विषारी द्रव्यांचा असतो. कडू दुधीचा रस प्यायल्याने आपल्या देशात मृत्यूही झालेले आहेत.

बी काढणे, सुकवणे, ठेवणे

बियांचा भोपळा वेल वाळेपर्यंत वेलीवरच राहू द्यावा. सालीत नख रुतेनासे झाले आणि देठ लाकडासारखा झाला की तो काढून सावलीत निदान तीन आठवडे ठेवावा. या काळात बी आतल्या आत भरत राहते. कलिंगडाच्या देठासमोरचा तणावा वाळला, जमिनीकडचा डाग पिवळा झाला आणि टिचकीचा आवाज बद्द आला की ते खाण्यास तयार असते. बियांसाठी त्यानंतरही आठ-दहा दिवस थांबावे.

बिया गरातून सोडवून चाळणीत स्वच्छ धुवाव्यात. कलिंगडाच्या बियांत तरंगणाऱ्या बहुधा पोकळ असतात, त्या काढून टाकाव्यात. भोपळ्याच्या चांगल्या बियाही तरंगतात, म्हणून तेथे चिमटीत दाबून भरलेपणा पाहावा. धुतलेले बी सुपात किंवा जाळीवर पातळ पसरून, वाऱ्याच्या सावलीत, दिवसातून दोनदा हलवत सुकवावे. कागदावर सुकवू नये, ते चिकटते. आणि कडक उन्हातही ठेवू नये. बी वाकवल्यावर न लवता कट् आवाज करून तुटले, तर ते पुरेसे सुकले आहे.

शेणाच्या गोवरीत भोपळ्याच्या बिया थापून भिंतीला लावण्याची किंवा राखेत घोळवून मडक्यात ठेवण्याची पद्धत आपल्याकडे होती, आणि एका वर्षासाठी ती आजही पुरेशी आहे. अनेक वर्षे ठेवायचे असेल तर काचेच्या बरणीत बियांच्या वजनाइतके सिलिका जेल (ओलावा शोषणारे खडे) घालून आठवडाभर ठेवावे, मग बी दुसऱ्या कोरड्या, घट्ट झाकणाच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवावे. बियांतील ओलावा एका टक्क्याने घटला किंवा तापमान पाच-सहा अंशांनी उतरले की त्यांचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा बीजशास्त्रातील ढोबळ नियम आहे. फ्रिजमधून काढलेली बरणी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर बियांवर दव जमते. प्रत्येक बरणीवर वाणाचे नाव, गाव, देणाऱ्याची ओळख, वर्ष आणि परागीभवन हाताने झाले की उघड्यावर, एवढे लिहावे. निम्मे बी नेहमी दुसऱ्या कोणाच्या तरी घरी ठेवावे.

वाटप आणि नोंद

अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी घरातच देशी वाणांची बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. अशा बियाणे बँकांशी संपर्क ठेवावा. घेतलेल्या बियांच्या दुप्पट बी हंगामानंतर परत करणे, हा अनेक ठिकाणचा रिवाज आहे. राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोचे अकोला येथे प्रादेशिक केंद्र आहे आणि दिल्लीच्या जनुकपेढीत बी उणे १८ अंशांत ठेवले जाते. पुरेसे बी तयार झाले की तेथे जमा करण्याबाबत विचारणा करावी. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, देवघेव करण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे. केवळ संरक्षित वाणाचे बी ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. याच कायद्याखाली शेतकऱ्यांच्या वाणांची नोंदणी होते, आणि वाण एका गावाने मिळून जपलेला असेल तर अर्ज गावाच्या नावानेच करणे न्याय्य आहे. परदेशातील नातेवाइकांकडून बी मागवताना किंवा त्यांना पाठवताना मात्र त्या-त्या देशाचे परवाने आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र घ्यावे, कारण पाकिटातून रोगही प्रवास करतात.

बी देताना पाकिटात दहा-बारा बिया, वाणाची माहिती आणि परागीभवनाची पद्धत लिहिलेला कागद घालावा. बी परत येईल तेव्हा ते कसे घेतले हे विचारल्याशिवाय मूळ बरणीत मिसळू नये. उघड्यावर घेतलेले बी वेगळ्या बरणीत, तशी चिठ्ठी लावून ठेवावे आणि ते भाजीसाठी लावणाऱ्यांना द्यावे. पुढची पिढी नेहमी हाताने परागीभवन केलेल्या बरणीतूनच घ्यावी.